नाथाजी मास्तरांचं पहिलं कारण

आष्ट्यात नाथाजी मास्तर म्हणून जे गृहस्थ आहेत, ते कुठल्याही शाळेत कधी मास्तर नव्हते. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ते चौतीस वर्षं फिटर होते. मास्तरकी मिळाली ती देवापायी. आष्ट्यात आणि आसपास कॅथलिकांची घरं मोजून अकरा. सांगलीहून फादर महिन्यातून एकदा येणार, मास्तरांच्या पुढच्या खोलीत मिस्सा, म्हणजे सगळ्यांची मिळून उपासना, करणार आणि चहा घेऊन परत जाणार. उरलेल्या रविवारी पोरांना गोळा करून क्रूसाची खूण शिकवायची, जपमाळ म्हणवून घ्यायची, हे काम नाथाजींकडं आलं आणि त्यांच्याकडंच राहिलं.

या कामात त्यांना एक खोड होती. देव आहे एवढं सांगून त्यांचं भागत नसे. तो आहे, हे सिद्ध करून द्यावं लागे. ही खोड साताऱ्याची. त्यांचे वडील तिथं फादरांच्या बंगल्यावर माळी होते आणि बंगल्यात एक म्हातारे फादर होते. पंधरा वर्षांच्या नाथाला त्यांनी एकदा सांगितलं, "विश्वास ठेवायला डोळे मिटावे लागत नाहीत, बाळ. बुद्धी देवानंच दिली. ती वापरली तर त्याला राग कशाला येईल?" पोराला हे इतकं आवडलं, की त्यानं वही घातली. देव आहे याचे पाच पुरावे त्या फादरांनी सांगितले तसे उतरवून घेतले. खाकी पुठ्ठ्याची ती वही अजून मास्तरांच्या पिशवीत असते.

पाचांतला त्यांचा लाडका पुरावा एकच, पहिल्या कारणाचा. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तानाजी नावाचा त्यांचा जोडीदार होता, तोही फिटर, आणि देव वगैरे काही न मानणारा. एका हंगामात तो म्हणाला, "नाथा, देव कुणी बघितलाय का रं?"

नाथाजींनी खिडकीतून आवारात बोट दाखवलं. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. "ती मागची ट्रॉली बघ. तिला कोण वढतंय?"

"फुडची ट्रॉली."

"आन् फुडचीला?"

"ट्रॅक्टर."

"आता ट्रॅक्टर काढून टाक. त्याच्या जागी आनखी एक ट्रॉली लाव. तिच्या फुडं आनखी एक. पार सांगलीपतोर ट्रॉल्याच लाव. हलतील?"

"कशा हलतील?"

"मग ह्ये जग हलतंय ते कशानं, गड्या?"

तानाजीनं रात्रभर विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "आन् ट्रॅक्टरात डिझेल कोण घालतंय?" कॅन्टीन खो खो हसलं. नाथाजी त्या रविवारी मुद्दाम सांगलीला जाऊन तिथल्या फादरांशी बोलून आले आणि सोमवारी डबा उघडायच्या आधी उत्तर देऊन मोकळे झाले. "डिझेल लागलं तर ते पयलं न्हवंच. ज्याला दुसऱ्याचं कायबी लागत न्हाई, त्यालाच पयलं कारण म्हनायचं." तानाजी म्हणाला, "लय भारी. म्हंजी पगार न घेता काम करनारा. आपल्यात तसला कोन न्हाई बाबा." तेव्हापासून कारखान्यात त्यांचं नाव कारणमास्तर पडलं आणि निवृत्त झाल्यावरही ते चिकटून राहिलं. मास्तरांना ते मनातून आवडायचं. चारचौघांत कुणी तशी हाक मारली की ते ताठ व्हायचे.

आता अंजनाआक्कांचं सांगायला हवं. मास्तरांची ही थोरली बहीण. आई गेली तेव्हा नाथा चार वर्षांचा आणि आक्का अकरा वर्षांची. आक्कानंच त्याला कडेवर घेऊन मिस्सेला नेलं, त्याचा हात हातात धरून कपाळ, छाती, खांदे करत क्रूसाची खूण शिकवली. उशिरा नुकतीच लागलेली शाळा सोडली, तीही त्याच्यासाठी. तिला अक्षर येत नाही. पुढं लग्न होऊन ती मिरजेला गेली, नवरा रेल्वेत होता, तो वारला, आणि आता ती स्टेशनच्या मागं एका खोलीत राहते. तिची मुलगी अंकिता शिरवळच्या एका कारखान्यात तयार सुटे भाग तपासायच्या कामावर आहे. आठवडाभर तिकडं, शनिवारी रात्री आईकडं.

गेल्या जूनमध्ये आक्काला टीबी निघाला, तोही बिघडलेला, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मास्तर केळी घेऊन भेटायला गेले, तोंडाला मास्क लावून खाटेपासून हातभर लांब स्टुलावर बसले. काय बोलावं कळेना, म्हणून जे येत होतं ते बोलू लागले. आक्का, जगाला चालवणारा कुणीतरी हाय, तू काळजी करू नगंस, असं काहीतरी. आक्का छताकडं बघत होती. मग म्हणाली, "नाथा, तुझं ते पयलं कारण हाय न्हवं, ते मला वळखतं का रं?"

वहीत हा प्रश्न नव्हता. तानाजीनं असलं कधी विचारलं नव्हतं. पाचही पुरावे डोक्यातून फिरून गेले, पण त्यातल्या एकालाही खाटेवरच्या बाईचं नाव माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तू इश्रांती घे आक्का, माझी बस चुकंल," आणि उठले. मिरजेहून सांगलीला आणि तिथून आष्ट्याला दर अर्ध्या तासाला बस असते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर मास्तर गेलेच नाहीत. जून सरला, जुलै गेला, गणपती येऊन गेले, दसरा झाला. आक्काला घरी सोडलं, औषधं चालू राहिली. मास्तरांकडं दर वेळी सांगायला काहीतरी होतं. रविवारी पोरं येतात, त्यांना रोग लागला तर? गुडघा धरलाय. पाऊस फार आहे. या महिन्यात फादर दोनदा येणार आहेत. रोग आता दुसऱ्याला लागण्यासारखा राहिला नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचा निरोप अंकिताकडून आला, तर मास्तर म्हणाले, डॉक्टरांचं काय सांगावं. ऑगस्टमध्ये एकदा हिय्या करून त्यांनी आक्काला फोन लावला. तिकडून "आं? कोन? आं?" एवढंच येत राहिलं. "रेंज न्हाई," असं बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटलं.

त्यांची बायको भामाबाई मात्र महिन्यातून एकदा भाजीभाकरी बांधून मिरजेला जाऊन यायची. आल्यावर "आवं, आक्कांचं ऐका की," म्हणून सांगायला लागली, की मास्तर उठून अंगणात जास्वंदीला पाणी घालायला जायचे. त्या वर्षी ती जास्वंद पाण्यानं कुजायची तेवढी राहिली. एकदा भामाबाई दारात उभी राहून म्हणाली, "जगाला द्येव दावता न्हवं? भनीला नुसतं त्वांड दावा." मास्तरांनी आणखी एक तांब्या जास्वंदीला ओतला.

नोव्हेंबरात साताऱ्याहून बोलावणं आलं. जिल्ह्यातल्या तरुण कॅथलिकांचं एक दिवसाचं शिबिर होतं, विषय श्रद्धा आणि बुद्धी. मुख्य भाषण नाथाजी मास्तरांचं. मास्तर हरखले. इस्त्रीचा सदरा काढला, आणि आष्ट्याच्या बाजारातून एक खेळण्यातला ट्रॅक्टर आणि चार ट्रॉल्या आणल्या. साताऱ्याला जायला बदलाबदली करत तीन तास लागतात. गुडघा काही बोलला नाही.

भाषण मात्र झकास झालं, त्यात शंका नाही. सत्तरएक पोरंपोरी होती, कराडची, पाचगणीची, शिरवळची. मास्तरांनी टेबलावर ट्रॉल्या मांडल्या, ट्रॅक्टर खिशात लपवला आणि पोरांनाच ट्रॉल्या हलवून दाखवा म्हणाले. कुणी फुंकर मारली, कुणी टेबल तिरकं केलं. तासभरात 'कारण' हा शब्द शंभरदा तरी आला असेल. पोरं तोच शब्द त्यांच्याआधी म्हणायला लागली. मास्तर नुसतं बोट वर करायचे आणि सभागृह ओरडायचं, "कारण!" शेवटी खिशातून ट्रॅक्टर निघाला तेव्हा टाळ्याच टाळ्या.

मग प्रश्नांची वेळ झाली. तिसऱ्या रांगेत एक मुलगी उभी राहिली. अंकिता होती ती. मामा फोन उचलत नाहीत, म्हणून ती शिरवळच्या पोरींबरोबर मुद्दाम आली होती, हे मास्तरांना नंतर कळलं.

"मामा," ती म्हणाली, "आष्ट्यापासनं सातारा लांब का मिरज लांब?"

पोरांना वाटलं, ट्रॉल्यांसारखंच हे काहीतरी कोडं आहे. सगळे कान टवकारून बसले.

"सातारा," मास्तर म्हणाले.

"मग आईकडं पाच म्हैन्यात एकदाबी आला न्हाईसा, ते का?"

मास्तर म्हणाले, "कारण..."

आणि सभागृह फुटलं. पोरं हसली, बाकं बडवली, मागून कुणीतरी "कारण!" म्हणून ओरडलं. त्यांच्या मते मास्तरांनी ठरवून टाकलेला हा विनोद होता. मास्तरांना तिथं गप्प राहता आलं असतं. खाली उतरून पोरीच्या डोक्यावर हात ठेवता आला असता. त्यांनी काय केलं? तेही हसले. बोट वर करून म्हणाले, "बगा! परत्येक गोष्टीला कारण असतंच!" पुन्हा टाळ्या पडल्या. अंकिता थोडा वेळ उभीच होती. मग खाली बसली, आणि चहाच्या वेळेला ती कुठं दिसली नाही.

लोक येऊन हात मिळवत होते, मठातल्या एका सिस्टरनं ती वही बघायला मागितली. मास्तरांना वाटत होतं, कुणी माझ्याकडं बघू नये. खिशातला ट्रॅक्टर मांडीला टोचत होता. आयुष्यभर ज्या शब्दावर आपण मिरवलो, त्याच शब्दाच्या आडून आपण आत्ता सत्तर लोकांसमोर पळ काढला, हे त्यांना लख्ख दिसत होतं. आणि पळालो कुणापासून, तर जिनं आपल्याला कडेवर वागवलं तिच्यापासून. त्यांना स्वतःची किळस आली.

संध्याकाळच्या मिस्सेआधी पापनिवेदन होतं. आलेले फादर वसईकडचे, वयानं मास्तरांच्या मुलासारखे. मास्तर रांगेत शेवटी उभे राहिले आणि गुडघे टेकून लहानपणापासूनचं वाक्य म्हणू लागले, "फादर, मला आशीर्वाद द्या, कारण..." तिथं जीभ अडली. वाक्यात पुढं 'मी पाप केलं आहे' एवढंच होतं, पण ते काही येईना. त्याऐवजी ते गुडघ्याचं सांगू लागले, पोरांना रोग लागण्याचं सांगू लागले, रेंजचंसुद्धा सांगितलं.

फादरांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मास्तर, का केलं ते राहू द्या. काय केलं ते सांगा."

"भन आजारी हाय," मास्तर म्हणाले. "मी गेलो न्हाई. तिनं मला इचारलं, त्याचं उत्तर मला येत न्हवतं. म्हनून भ्यालो." एवढं बोलून ते रडले. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना वगैरे काही सांगितली नाही. उद्या मिरजेला जा, एवढंच सांगितलं.

सोमवारी सकाळी मास्तर सांगलीच्या बसमध्ये बसले. हंगाम सुरू झाला होता. आष्टा सुटताच बसच्या पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर लागला आणि ड्रायव्हरला बाजू मिळेना. मास्तर पहिल्याच बाकावर होते. मागच्या ट्रॉलीचा ऊस समोरच्या काचेपर्यंत आलेला, ट्रॅक्टर दिसतही नव्हता. बघता बघता त्यांना वाटलं, अरे, ट्रॅक्टर दिसत नाही, पण ही शेवटची ट्रॉली हलतेय. म्हणजे त्याची ओढ इथपर्यंत पोचलीय, आत्ता, या क्षणाला. पोचली नसती तर ही थांबली असती. जग काही एकदा ढकलून सोडून दिलेलं नाही. आक्का आत्ता श्वास घेते आहे, तर पहिल्या कारणानं तिला आत्ता धरलंय. आणि जो धरतो त्याला आपण काय धरलंय हे ठाऊक नसेल? हातात काय आहे हे न कळता जो धरतो, तो पहिला कसला!

मास्तरांनी तिकिटाच्या मागं घाईघाईनं चार ओळी खरडल्या. पंधराव्या वर्षी वही घातली होती तेव्हा झाला तसला आनंद त्यांना झाला. चूक नव्हतंच ते उत्तर. म्हाताऱ्या फादरांनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती. मिरज येईपर्यंत मास्तर आपली लाज विसरूनसुद्धा गेले होते.

स्टेशनमागच्या गल्लीत खोल्या एकसारख्या. मास्तर तिथं दोन वर्षांत आले नव्हते. एका उंबऱ्यावर उन्हाला एक वाळलेली बाई बसली होती, केस विरळ, मनगटं काडीएवढी. मास्तरांनी तिला विचारलं, "बाई, अंजनाबाईंची खोली कंची?"

तिनं वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला, आणि तिचं तोंड हसून भरलं.

"नाथा! आलास व्हय!"

सख्ख्या बहिणीलाच मास्तरांनी तिची खोली विचारली होती. आपण काय विचारलं, ते तिनं मनावर घेतलेलं दिसत नव्हतं. ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले. मास्क खिशातच राहिला. वेळ गेला तर पुन्हा धीर होणार नाही, म्हणून त्यांनी तिकीट काढलं आणि सुरुवात केली. "आक्का, तू जूनात मला इचारलं हुतंस. पयलं कारण मला वळखतं का म्हून. तवा मला सांगाया आलं न्हाई. आता ऐक." आणि त्यांनी सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, शेवटची ट्रॉली, ओढ, धरणारा हात. इतकं मन लावून ते कुठल्याच सभेत बोलले नव्हते. आक्का त्यांच्या ओठांकडं टक लावून बघत होती आणि मान हलवत होती. मध्येच शेजारची एक बाई झाकलेलं ताट घेऊन आली आणि भिंतीला टेकून ऐकत उभी राहिली.

बोलणं संपलं. मास्तर वाट बघत राहिले.

शेजारीण हळू आवाजात म्हणाली, "दादा, त्यास्नी ऐकू येत न्हाई. सरावनापास्नं. त्या टीबीच्या इंजेक्शनांनी कान गेलं दोनीबी. तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई?"

सांगायला आली होती की भामाबाई. दर महिन्याला. मास्तरांना ती जास्वंद आठवली, आणि फोनमधलं ते "आं? कोन? आं?" आठवलं.

"मी बनुबाई," शेजारीण म्हणाली. "तुमी त्येंचं भाऊ न्हवं? लय नाव काढत्यात तुमचं. कारखान्यात मोठं काम हाय म्हनं तुमास्नी, रजाच मिळत न्हाई. आन् गुडघंबी धरल्यात. रविवारी म्हनं फादरांचं तुमच्याबिगर पान हलत न्हाई. मी म्हनायची, येवडा सख्खा भाऊ, एकदाबी येत न्हाई, तर माझ्यावरच चिडायच्या."

मास्तर निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. हे आक्काला चांगलं माहीत होतं. निरोपाच्या दिवशी ती स्वतः नारळ घेऊन आली होती.

मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "आक्का, कारण..." एवढंच ओठांवर आलं असेल. तेवढं तिला वाचता आलं. तिनं हात पुढं करून त्यांच्या तोंडावर ठेवला.

"कारनं सांगू नगंस, नाथा," ती मोठ्यानं म्हणाली, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. "समद्यास्नी मीच सांगितल्यात."

बनुबाईनं ताट खाली ठेवलं आणि आत जाऊन आणखी एक ताटली आणली. मास्तर मान खाली घालून बसले होते, आणि जेवण वाढून झालं तरी त्यांना ती वर करता आली नाही.